गावठी फ्रेंच

नाना पहिल्यांदा क्लासमध्ये आले तेव्हा क्लास चालवणाऱ्या सरांना वाटलं, कुणा नातवंडाची चौकशी करायला आले असतील. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि विचारलं, "मुलगा का मुलगी? बारावी झाली?"

"मीच आहे," नाना म्हणाले. "मलेच शिकायचं आहे फ्रेंच."

जळगावातला आमचा क्लास एका दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावर होता. खाली मोटर रिवाइंडिंगचं दुकान. येणारी मुलं सगळी विशी-पंचविशीतली आणि सगळ्यांना जायचं एकाच ठिकाणी, कॅनडाला. फ्रेंच आलं की अर्जाला जास्तीचे गुण मिळतात, हे भुसावळपासून पाचोऱ्यापर्यंत सगळ्यांना कळलेलं होतं. नानांना मात्र कुठेच जायचं नव्हतं. वरणगावच्या कारखान्यात आयुष्यभर लेथ मशीनवर काम करून ते निवृत्त झाले होते. मुलगा क्युबेक प्रांतातल्या एका लहानशा गावात नोकरीला, त्याची मुलगी चार वर्षांची. ती दिवसभर पाळणाघरात फ्रेंच बोलायची आणि घरी आल्यावरही फ्रेंचच बोलायची. दर रविवारी संध्याकाळी सात वाजता व्हिडिओ कॉल लागायचा. आजोबा इकडून हात हलवायचे, नात तिकडून हलवायची, आणि संपलं.

"हात हलवू हलवू दुखाले लागला, मॅडम," नाना मला म्हणाले.

मी त्या क्लासमध्ये फ्रेंच शिकवायचे. वर्गात मी ठाम, नीटनेटकी, घड्याळाबरोबर चालणारी. बाहेर पडले की माझा पाय कुठेच ठरत नसे. लॅपटॉपमध्ये माझाही कॅनडाचा अर्ज अर्धा भरून पडलेला होता. तो उघडायचा, दोन रकाने भरायचे, बंद करायचा, मग उठून धुतलेली भांडी पुन्हा धुवायची, असं वर्षभर चाललं होतं. पोरांना मी "वेळ घालवू नका, अर्ज टाका" असं सांगायचे आणि स्वतः मेहरूण तलावाला फेऱ्या मारत बसायचे.

नाना पहिल्या बाकावर बसत. फ्रेंच शब्द देवनागरीत लिहून घेत. असं करू नका, उच्चार बिघडतो, असं मी दहादा सांगितलं. ते मान हलवायचे आणि लिहायचे. पण त्यांचे उच्चार बिघडले नाहीत. वर्गातल्या सगळ्या पोरांपेक्षा त्यांचा कान तिखट होता. "कारखान्यात केसाइतका फरक चालायचा नाई," ते म्हणाले. "मशीनचा आवाज बदलला की न बघता कळायचं, माल बाद होणार."

एकदा त्यांनी वर्गात हात वर केला. "मॅडम, मी म्हणजे 'म्वा' ना?"

"हो, म्वा."

"पण मायी नात 'म्वे' म्हणते. पक्कं आयकलं मी. कोणाचं बरोबर?"

पोरं हसली. मीही हसले. "ती लहान आहे नाना. शिकेल हळूहळू. शुद्ध म्हणाल तर म्वा. म्वे म्हणजे गावठी."

मी ते सहज बोलून गेले. नानांनी वहीत 'म्वा'खाली दोन रेघा ओढल्या.

तीन आठवड्यांनी ते क्लास सुटल्यावर थांबले. खिडक्या लावायला मला मदत केली. मग म्हणाले, "नात बोलत नाई मायाशी."

"का? काय झालं?"

"ती म्वे म्हणाली. मी म्हणलं म्वे नाई, म्वा. तीनदा म्हणून घेतलं तिच्याकडून. ती रडाले लागली. आता फोन लागला की आतल्या खोलीत पयते. दोन रविवार झाले."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. ते पुढे म्हणाले, "पोरगा म्हणे, नाना, आठी सगये असंच बोलतात. मास्तरीण असंच बोलते, डॉक्टर असंच बोलते. आमचा घरमालक तर गाणी बी असलीच आयकतो. पोरानं पाठवली हाये काही. तुमी आयकता का? मले त्यातला एक शब्द समजला नाई."

त्यांनी तिथल्या तिथे गाणी माझ्या फोनवर पाठवली आणि वरणगावची बस पकडायला निघून गेले.

एप्रिल संपत आला होता. माझ्या खोलीत कूलर चालू केला की शेजारच्याचा टीव्हीसुद्धा ऐकू येत नसे, इतका तो घरघरायचा. मी पंखा, कूलर सगळं चालू ठेवून पहिलं गाणं लावलं. काहीच ऐकू आलं नाही. आवाज वाढवला. तेव्हा कुठे तळातून गिटार ऐकू आली. एकटीच गिटार, पण दोन गिटारी एकाच वेळी वाजाव्यात तशी. नंतर कळलं, ती बारा तारांची असते, प्रत्येक तारेला एक जोडीदार. मी कूलर बंद केला, मग पंखाही. घाम मानेवरून पाठीत उतरत होता आणि मी फोन मांडीवर घेऊन बसले.

सतरा मिनिटांचं गाणं होतं. आधी माझा समज झाला की हे दोन-तीन गाण्यांचं कडबोळं आहे. गिटार आणि एका पुरुषाचा आवाज, जवळजवळ बोलल्यासारखा. मग बासरी. आपल्या बासरीसारखी ती मींड घेत नाही, पायऱ्या चढल्यासारखी एकेका सुरावर पाय ठेवत जाते. ती थांबते तिथून एक जुन्या पद्धतीचा कीबोर्ड सुरू होतो, ज्यातून व्हायोलिनांचा ताफा वाजल्यासारखा आवाज येतो, पण किंचित थरथरणारा, ओल्या कपड्यातून गाळून आल्यासारखा. मग लय बदलते. पावलं मोजायला गेलं तर सातव्यावर चुकतं. मग सगळे मिळून गातात, चुलीभोवती बसून गावं तसे, आणि अचानक पुन्हा एकटी गिटार. ढोल नाही, तबला नाही, ड्रम्स नाहीत. तरी आतून काहीतरी ढकलतं. या प्रकाराला प्रोग्रेसिव्ह फोक म्हणतात, हे मी पुढे वाचलं. लोकगीताच्या चालीपासून निघायचं आणि ठरलेल्या जागी परत न येता लांब लांब जायचं.

आणि शब्द? मी फ्रेंचची पदवी घेतलेली, पुण्यात वर्गात पहिली आलेली बाई. मला दहातले दोन शब्द कळत होते. 'त्यु' म्हणजे तू, त्याच्या जागी 'त्स्यु'. 'आ' कुठे लांबून 'आव' व्हायचा, कुठे घशात जाऊन बसायचा. अख्खी अक्षरं गिळलेली. मला आधी राग आला. मग मी गाणं मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा. चौथ्या वेळी गाणारा 'म्वे' म्हणाला, स्वच्छ, न लाजता, त्या सुरावर रेंगाळत. आणि मी उठून खोलीत चालायला लागले.

कारण मला पुण्याचं हॉस्टेल आठवलं. पहिल्याच महिन्यात घाईत मी कुणाला तरी म्हणाले होते, "माले नही समजनं." खोलीतल्या तिघी गादीवर लोळून हसल्या. एक म्हणाली, "अगं, फ्रेंच नंतर शीक, आधी मराठी शीक." त्या वाईट नव्हत्या. पुढे त्यातलीच एक माझी चांगली मैत्रीण झाली. पण त्या दिवसापासून मी जिभेवर पहारा बसवला. 'आहे'चं 'शे' गेलं, 'सगळा'चं 'बठ्ठा' गेलं, 'माले' गेलं. सुट्टीत धुळ्याला आले तरी पुण्याचीच मराठी बोलायची. अक्का खान्देशीत विचारायची, मी पुस्तकातल्या मराठीत उत्तर द्यायचे. तिनं कधी त्याबद्दल काही म्हटलं नाही.

अक्का म्हणजे माझी आत्या. शाळेसाठी मी पाचवीपासून धुळ्याला देवपुरात तिच्याकडेच राहिले. ती ब्लाउज शिवते. अजूनही. दर शनिवारी दुपारी मी जळगावहून एसटीनं तिच्याकडे जाते.

त्यानंतरच्या सगळ्या शनिवारी कानात ती गाणी होती. एरंडोलला बस थांबायची तेव्हा बासरी सुरू झालेली असायची, पारोळा येईपर्यंत मी तेच कडवं सहाव्यांदा ऐकत असायचे. वहीत एकेक ओळ उतरवायचे. रिकाम्या जागा सोडायचे. पाच ओळींत नऊ रिकाम्या जागा. उन्हात बसचा पत्रा तापलेला, शेजारची बाई खिडकी लावा म्हणते, मी उघडा म्हणते, आणि मधूनच गाण्यात ती बारा तारांची गिटार एकदम दुप्पट वेगानं सुटते. अशा वेळी मला चालत्या बसमधून उतरून पळत सुटावंसं वाटायचं. कुठे, ते माहीत नव्हतं. गाणी मला आवडत होती, मनापासून आवडत होती, पण त्यांनी शांत मात्र वाटत नव्हतं. झोप मोडल्यासारखं वाटायचं.

क्युबेकमध्ये ही गाणी झाली त्या काळाबद्दल मी मिळेल ते वाचत सुटले. पन्नासेक वर्षांपूर्वी तिथल्या तरुण पोरांनी ठरवलं की पॅरिससारखं गायचं नाही, घरी जसं बोलतो तसंच गायचं. त्याआधी तिथल्या गायकांना गाताना जीभ बदलावी लागायची म्हणे. हे वाचलं त्या दिवशी वर्गात मी एका मुलाला 'त्स्यु' म्हणाल्याबद्दल टोकायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

मे महिन्यातला एक शनिवार. अक्का खिडकीशी मशीनवर बसलेली. मी पलंगावर वही घेऊन. इअरफोनची एक बाजू बिघडली होती म्हणून गाणं फोनवरच मोठ्यानं लावलं होतं. एका ओळीच्या शेवटी एक शब्द यायचा, तो तीन आठवडे मला लागत नव्हता. कडव्यात तोच शब्द चार वेळा. मी ते चार सेकंद मागे न्यायचे, ऐकायचे, मागे न्यायचे.

"एका जागे बस ना व माय," अक्का म्हणाली. "काब्र इतली हाली राह्यनी?"

"अक्का, एक शब्द कळत नाहीये."

"कोनता?"

"तोच तर कळत नाहीये."

तिनं पायडल थांबवलं. चष्मा कपाळावर सरकवला आणि कान दिला. मी पुन्हा ते चार सेकंद लावले.

"अस्तर," ती म्हणाली.

"काय?"

"अस्तर म्हनी राह्यना ना तो. आपलं ब्लाउजनं अस्तर." तिनं मांडीवरचं कापड उचलून दाखवलं. "तू लाव बरं आखो एक डाव."

मी लावलं. तो खरंच अस्तर म्हणत होता. इतके दिवस मी फ्रेंच शब्द शोधत होते म्हणून मला ऐकू येत नव्हता. अक्काला फ्रेंच येत नव्हतं, तिनं फक्त आवाज ऐकला. अ, स्, त, र. आणि मग ते माझ्या डोक्यात उलगडलं. 'आ सेत अर', म्हणजे या वेळेला. तिकडच्या गावांत त्याचंच जोडून, घासून 'अस्तर' झालं होतं. अस्तर म्हणजे आता. तो माणूस चार वेळा 'आता' म्हणत होता.

"आते! अक्का, आते म्हनी राह्यना तो!" मी ओरडले. "अस्तर म्हंजे आते!"

"मंग आते म्हनानं ना सरळ," अक्का म्हणाली आणि मशीन सुरू केलं. चार टाके मारून पुन्हा थांबली. माझ्याकडे बघत राहिली. "बऱ्याच वरीसमा बोलनी तू."

मी वही उचलून गच्चीवर गेले. भर दुपारी, पाय भाजत होते. मला तिच्यासमोर बसवेना.

सोमवारी मी नानांना क्लासनंतर थांबवून घेतलं. म्हटलं, "नाना, माझी चूक झाली. तुमची नात बरोबर बोलते. म्वे सुद्धा बरोबर आहे."

"तुमी तर गावठी म्हणल्या व्हत्या."

"गावठीच आहे. पण चूक नाही."

त्यांनी वही काढली, 'म्वा'च्या पुढे 'म्वे' लिहिलं आणि म्हणाले, "मग आणखी सांगा." आम्ही रोज अर्धा तास जास्तीचा बसू लागलो. गाण्याचं एक कडवं घ्यायचं, त्यातले उच्चार काढायचे. तो अर्धा तास मला दिवसभर पुरायचा. नाना डोळे मिटून ऐकायचे आणि बोटानं टेबलावर ठेका धरायचे. सातव्यावर ते कधीच चुकले नाहीत. "हे मशीन एक दात तुटलेलं हाये," ते लयीबद्दल म्हणाले, "पण बराबर चालते." 'इसी' म्हणजे इथे, त्याला ते लोक 'इसित' म्हणतात, हे कळल्यावर ते खूश झाले. "आपलं आठी, तसं त्यांचं इसित," म्हणाले. त्यांना केळीला 'केयी' म्हणायची सवय होती. कारखान्यात बाहेरगावचे साहेब आले की तीस वर्षं ते 'केळी' म्हणत आणि घरी आल्यावर 'केयी'. "दोन जिभा ठेवल्या मी," ते म्हणाले, "दोन चपला ठेवाव्या तशा."

एका रविवारी त्यांनी मला वरणगावला घरी बोलावलं. सातचा फोन, तुम्ही समोर पाहिजे, म्हणाले. त्यांच्या घरच्यांनी भरीत-भाकरी केली होती, पण माझं लक्ष घड्याळाकडे. नानांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. सात वाजता मुलगा पडद्यावर आला. मागे कुठेतरी ती मुलगी होती, तिचा एक मोजा तेवढा दिसत होता.

"बोलाव तिले," नाना म्हणाले.

"नाना, नाही येत ती. जाऊ द्या."

नाना फोनकडे वाकले. घसा साफ केला. आणि मोठ्यानं म्हणाले, "त्स्यु फे क्वा, अस्तर?"

तू आत्ता काय करतेस? एवढंच. पण तिकडे मोजा हलला. मुलगी सोफ्याच्या मागून वर आली, केस विस्कटलेले, आणि तिनं बापाला काहीतरी विचारलं. बाप हसायला लागला. "विचारतेय, आजोबा असं कधीपासून बोलायला लागले."

"म्वे," नाना छातीवर बोट ठेवून म्हणाले, "म्वे, इसित." मी इथे. आणि थांबले, कारण पुढचं वाक्य ते विसरले होते. मी कुजबुजायला गेले तर त्यांनी हातानं मला गप्प केलं. मुलगी पळत आत गेली आणि एक बूट घेऊन आली. तो कॅमेऱ्यासमोर धरून ती जी बोलत सुटली ती पाच मिनिटं थांबली नाही. नाना माझ्याकडे बघत होते. मला निम्मं कळलं. "तिचा बूट बर्फात हरवला होता नाना. थंडी संपल्यावर सापडला. कुत्र्यानं... कुत्र्यानं काहीतरी केलं, ते मला कळलं नाही."

"मले कुत्रा समजला," नाना म्हणाले. "श्यिं म्हणाली ती." त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

परत येताना बसमध्ये मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण भुसावळ मागे पडेपर्यंत तो टिकला नाही. मी गाणं लावलं, बंद केलं, पुन्हा लावलं. वाटत होतं, एक माणूस नातीपर्यंत पोचला, मी कुठे चालले आहे?

क्लासमधलं प्रकरण त्यानंतर पंधरवड्यानं झालं. दोन मुलांनी सराव परीक्षेत तोंडी बोलताना 'म्वा', 'त्वा'च्या जागी मुद्दाम 'म्वे', 'त्वे' लावलं. मी त्यांना एक गाणं ऐकवलं होतं, त्यांना ते आवडलं होतं. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सर वाईट माणूस नव्हते. मेहनतीनं त्यांनी तो क्लास उभा केला होता.

"मॅडम, परीक्षक पॅरिसचा असेल, तर पोरांचे गुण जातील. हे गावठी फ्रेंच शिकवायला पालक पोरं पाठवत नाहीत."

"सर, पोरं जाणार आहेत तिथे हेच बोललं जातं."

"आधी पोचू तर द्या. तिथे गेल्यावर काय बोलायचं ते बोलतील. उद्या तुम्ही वर्गात खान्देशी शिकवाल!"

"मंग काय व्हयी?" मी म्हणाले. "गावठी शे ते शे."

सरांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. ते शिरपूरचे. त्यांच्या घरीही हेच बोलत असणार. पण पुढच्या वेळापत्रकात माझ्याकडे फक्त व्याकरण होतं. संभाषणाचे तास त्यांनी स्वतः घेतले. मनातून मला माहीत होतं की परीक्षेपुरतं त्यांचं म्हणणं खरं आहे. त्यामुळे धड भांडताही येईना. दिवाळीपर्यंत मी टिकले, मग सोडलं. आता मी खोलीतूनच ऑनलाइन शिकवते. परीक्षेचं फ्रेंच परीक्षेसारखं शिकवते, आणि शेवटची दहा मिनिटं त्या गाण्यांची. काही मुलं ती दहा मिनिटं सुरू झाली की निघून जातात.

नाना पुढच्या उन्हाळ्यात चार महिन्यांसाठी तिकडे गेले. पासपोर्टवरच्या फोटोत त्यांनी तोच इस्त्रीचा सदरा घातलाय. तिथून ते मला आवाजाचे संदेश पाठवत. पहिल्या आठवड्यात कळवलं की नात समोरासमोर लाजते, फोनवरच बरी होती. तिसऱ्या आठवड्यात कळवलं की आता ती त्यांना पाळणाघराच्या दारापर्यंत घेऊन जाते आणि सगळ्यांना सांगते, हा माझा आजोबा, याला थोडंच येतं, हळू बोला.

मग मुलाच्या घरमालकाचा संदेश. म्हणजे नानांचाच, पण मागे तो बोलताना ऐकू येत होता. सत्तरीचा गडी, तरुणपणी तो स्वतः तसलाच एक गट करून गावोगाव वाजवायचा. बारा तारांची गिटार अजून भिंतीला टांगलेली. त्यानं नानांना म्हटलं, तुमच्याकडचं काहीतरी गा. नानांनी लग्नात बायका हळदीला म्हणतात ते एक गाणं म्हटलं, आईचं ऐकून पाठ झालेलं. त्याला गिटारीवर ते सापडेना. एक तार जुळवली, दुसरी जुळवली. शेवटी तो हसत म्हणाला की तुमचा सूर माझ्या गिटारीच्या पट्ट्यांच्या मधे कुठेतरी राहतो, आणि कॉफी करायला आत गेला. संदेशात पुढे बराच वेळ कपबशांचा आवाज आणि त्या मुलीचं 'म्वे ओसी, म्वे ओसी' चाललेलं. मला पण, मला पण. नाना फोन बंद करायला विसरले होते.

तो संदेश मी धुळ्याला ऐकला. अक्काला ऐकवला. ती म्हणाली, "त्या बुवानं गानं पुरं म्हनं नही का?"

"नही. नाना मधमाच थांबना."

"बठ्ठं म्हनानं व्हतं," ती म्हणाली.

माझा अर्ज मी मार्चमध्ये पुरा भरून टाकला. परीक्षा दिली, गुण बरे आले. उत्तर यायला किती महिने लागतील कुणी सांगत नाही. रोज सकाळी मी अर्जाचं पोर्टल उघडते, बंद करते. बोलावणं आलं तर जाईन का, हे मला आजही सांगता येत नाही. कधी वाटतं, उद्याच निघावं. कधी वाटतं, मी ते क्युबेक गाण्यांतून इतकं ऐकलंय की प्रत्यक्षात ते मला ओळखणारच नाही.

गेल्या शनिवारी एक नवीन गट सापडला. हल्लीची पोरं, त्याच भागातली, त्यांनी जुन्या गिटारीबरोबर सनई असावी तसं काहीतरी वाद्य घेतलंय. पहिल्या ऐकण्यात निम्मे शब्द कळले. एरंडोल यायच्या आत मी वही उघडली आणि रिकाम्या जागा सोडत लिहायला लागले. बस खड्ड्यांतून जात होती, अक्षर वाकडं येत होतं. शेजारच्या बाईनं विचारलं, "परीक्षा शे का व ताई?"

"नही," मी म्हटलं, "गानं शे," आणि एक इअरफोन तिच्याकडे केला.